दोन वर्षांचं माप, वीस वर्षांचा आराखडा

1965 च्या जूनमध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकाने एक अंक या शहराच्या भवितव्यावर काढला. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे दोन वास्तुरचनाकार आणि शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंता, या तिघांची मांडणी त्यात होती. महापालिकेच्या पहिल्या विकास आराखड्याचा मसुदा तेव्हा नुकताच लोकांसमोर आला होता. तिघांचं म्हणणं असं होतं की मुंबई अशीच उत्तरेकडे लांबत राहिली, तर रोज सकाळी अख्खं शहर दक्षिणेला धावणार आणि संध्याकाळी उत्तरेला परतणार. ही ओढ सैल करायची असेल तर खाडीपलीकडे, पूर्वेच्या अंगाला, नोकऱ्यांसकट नवं शहर वसवायला हवं. 1970 च्या मार्चमध्ये हे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, उभं करण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. सत्तरच्या दशकात खाडीवर पूल झाला आणि 1992 मध्ये लोकल वाशीपर्यंत पोचली.

मी नगररचना शिकवते. आपल्या शहरांवर सर्वात खोल ठसा उमटवणारा लेख कोणता, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी याच अंकाचं नाव घेते. आजच्या विद्यापीठीय मोजमापात त्या लिखाणाला बहुधा एकही गुण मिळणार नाही. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांचा सरासरी किती वेळा उल्लेख होतो याचा आकडा, नाही, तज्ज्ञांकडून छाननी झालेली नाही, शेवटी संदर्भांची लांबलचक यादी नाही. लाखो माणसांचं राहणं, कामाला जाणं, जमीन मिळवणं आणि जमीन गमावणं ज्या विचारांनी बदलून टाकलं, ते आपल्या मापात दिसतच नसतील, तर ते माप आपण नेमकं कशासाठी हातात धरलं आहे?

आधी एक गोष्ट नीट सांगायला हवी. नवी मुंबई एका लेखातून जन्मली, असं म्हणणं इतिहासावर अन्याय करणारं आहे. 1958 मध्ये स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला होता आणि ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडचा भाग खुला करावा, ही शिफारस त्याने 1959 मध्येच केली होती. 1965 च्या मार्चमध्ये सरकारने धनंजयराव गाडगीळ यांची समिती नेमली. पुण्याच्या गोखले संस्थेच्या या अर्थतज्ज्ञाने प्रश्न मुंबई शहरापुरता न ठेवता सगळ्या प्रदेशाचा धरला. उद्योगांचं विकेंद्रीकरण करा आणि मुख्य भूमीवर अनेक केंद्रांची वसाहत उभी करा, असं त्या समितीने सांगितलं. 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमही याच काळातला. म्हणजे एक सरकारी अहवाल, दुसरा अहवाल, एक कायदा, एका नियतकालिकाचा अंक आणि मंत्रालयात झालेल्या असंख्य भेटी, असे कितीतरी ओघ एकत्र आले. यातल्या कोणी कोणाला तळटीपेत उद्धृत केलं हे शोधत बसलं तर हाती काहीच लागणार नाही. नगररचनेतला विचार असाच वाहतो, अहवालांतून, नकाशांतून, अधिकाऱ्यांच्या टिपणांतून, भाषणांतून.

शिवाय प्रभाव हा शब्द नुसता कौतुकाचा नाही. त्याच नव्या शहरासाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या त्या पनवेल-उरण पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोबदल्यासाठी लढा दिला. 1984 च्या जानेवारीत जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले, आणि त्या आंदोलनातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आराखड्यामागच्या विचाराचा प्रभाव मोजायचा तर तो इथेही मोजावा लागेल. कोणत्या निबंधाने कोणाचा उल्लेख केला हे नोंदवणाऱ्या कोणत्याही उद्धरण-सूचीत जासईची नोंद नाही.

आता ते माप पाहू. युजीन गारफील्ड यांनी 1955 मध्ये उद्धरणांची सूची करण्याची कल्पना मांडली, पुढे फिलाडेल्फियात संस्था काढली आणि 1975 पासून जर्नलांचा इम्पॅक्ट फॅक्टर नियमित प्रसिद्ध होऊ लागला. मूळ हेतू साधा होता. सूचीत कोणती जर्नलं घ्यायची हे ठरवणं, आणि मर्यादित पैशांत कोणत्या जर्नलांची वर्गणी भरायची यासाठी ग्रंथपालांना मदत करणं. गणितही सोपं आहे. समजा, एका जर्नलने 2022 आणि 2023 या दोन वर्षांत मिळून ऐंशी निबंध छापले आणि 2024 मध्ये त्या निबंधांचा दोनशे चाळीस वेळा उल्लेख झाला, तर 2024 साठीचा आकडा तीन. त्याआधी छापलेल्या निबंधांचा कितीही उल्लेख होवो, हिशेबात तो धरला जात नाही.

ही दोन वर्षं माझ्या विषयाला मारक आहेत. पेशीजीवशास्त्रात आज छापलेला शोध सहा महिन्यांत दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासला जातो आणि त्यावर पुढचा निबंध येतो. तिथे दोन वर्षांत बरंच घडतं. आमच्याकडे पुण्याचं उदाहरण घ्या. जुन्या शहराच्या हद्दीचा 2007 ते 2027 या काळासाठीचा विकास आराखडा 2017 च्या जानेवारीत मंजूर झाला. वीस वर्षांच्या आराखड्यातली जवळपास दहा वर्षं मंजुरीतच गेली. त्यातल्या आरक्षणांचं, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागांचं, काय झालं, किती बागा झाल्या, किती शाळांच्या जागा बिल्डरच्या ताब्यात गेल्या, हे समजायला आणखी दहा वर्षं लागतात. असा अभ्यास कोणी चिकाटीने केलाच, तर त्यावर पहिला प्रतिसाद यायलाच दोन वर्षं उलटून गेलेली असतात. विकास आराखड्याची सुधारणा वीस वर्षांतून एकदा करावी, असं आपला कायदा सांगतो, आणि त्याबद्दलच्या ज्ञानाचा कस मात्र चोवीस महिन्यांत लागावा, अशी आपली अपेक्षा आहे.

शेरी अर्नस्टाइन यांचा निबंध हे याचं सर्वात ठळक उदाहरण. लोकसहभाग म्हणजे आठ पायऱ्यांची शिडी, ही त्यांची मांडणी 1969 मध्ये अमेरिकन नगररचनाकारांच्या संस्थेच्या जर्नलमध्ये आली. अर्नस्टाइन प्राध्यापक नव्हत्या. अमेरिकी सरकारच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्यात शहरी योजनांमधल्या लोकसहभागाच्या सल्लागार म्हणून त्यांनी काम केलं होतं, आणि सहभागाच्या नावाखाली लोकांना कसं गुंडाळलं जातं हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. जगभर जिथे नगररचना शिकवली जाते तिथे ही शिडी शिकवली जाते. पन्नास वर्षांनंतरही तिचा उल्लेख सतत होतो, आणि त्यातला एकही उल्लेख त्या जर्नलच्या आजच्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये धरला जात नाही. आपली हरकती-सूचनांची सुनावणी त्या शिडीवर कुठे बसते, असं मी दरवर्षी वर्गात विचारते. चौथी पायरी सल्लामसलतीची. बऱ्याच सुनावण्या तिच्याही खाली, नुसती माहिती देण्याच्या पायरीवर थांबतात, असं माझं मत आहे. मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा 2015 मध्ये आला तेव्हा हजारो हरकतींनी आणि शहरभरच्या संतापाने तो एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना फेरतपासणीसाठी परत पाठवावा लागला. तेव्हा लोक स्वतःच दोन पायऱ्या वर चढले होते.

या आकड्यात आणखीही अडचणी आहेत, त्या थोडक्यात सांगते. तो सरासरीचा आकडा आहे आणि उल्लेख कधीच समान वाटलेले नसतात. थोड्या निबंधांना भरपूर मिळतात, बाकीच्यांना एखाददुसरा. त्यामुळे जर्नलच्या आकड्यावरून त्यातल्या एका निबंधाविषयी काहीच कळत नाही. आढावा-निबंध जास्त उद्धृत होतात, म्हणून ते छापणारी जर्नलं वर जातात. परिसंस्था, उपग्रहचित्रं, शहरी तापमान अशा विषयांकडे झुकलेल्या नियोजन-जर्नलांचे आकडे मोठे दिसतात, कारण तिथला लेखकवर्ग मोठा आणि लिहिण्याचा वेग जास्त. नगररचनेचा कायदा, इतिहास किंवा जमिनीचे व्यवहार यांवर लिहिणारी जर्नलं खाली राहतात. त्यांची गुणवत्ता कमी आहे असा त्याचा अर्थ नाही, त्यांच्या गल्लीत वर्दळ कमी आहे इतकंच.

तरीही जर्नलं आपसात या आकड्यावरून मिरवत राहिली असती तर मी हा लेख लिहिला नसता. आकडा माणसांच्या पोटापाण्यात शिरला, तिथे माझी तक्रार सुरू होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत शोधनिबंधाच्या गुणांना इम्पॅक्ट फॅक्टरची जोड आहे. छाननी झालेल्या पण इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या जर्नलमध्ये निबंध आला तर पाच गुण, आकडा एकपेक्षा कमी असेल तर दहा, एक ते दोन असेल तर पंधरा, दोन ते पाच असेल तर वीस, पाच ते दहा असेल तर पंचवीस, दहाच्या वर असेल तर तीस. निबंध कशाबद्दल आहे, तो खरा आहे का, कोणाच्या उपयोगी पडला का, यासाठी त्या कोष्टकात जागा नाही. नेमणूक आणि बढती ज्यावर अवलंबून आहे ते कोष्टक समोर ठेवूनच तरुण प्राध्यापक आपला विषय निवडतो. मी त्याला दोष देत नाही. त्याला घर चालवायचं आहे.

पण त्याची किंमत शहरं मोजतात. आज महाराष्ट्रात एकोणतीस महापालिका आहेत. त्यातली इचलकरंजी 2022 मध्ये झाली, जालना 2023 मध्ये. इचलकरंजीतला यंत्रमाग, तिथल्या सांडपाण्याचा आणि पंचगंगेचा प्रश्न, कामगारांची वस्ती, यावर नियोजनाच्या अंगाने सखोल अभ्यास झाला तर तो सांगली-कोल्हापूरच्या नगररचना कार्यालयांत वाचला जायला हवा. परदेशी जर्नलचा परीक्षक मात्र साहजिकच विचारणार की यात व्यापक सिद्धांताला कोणती भर पडते? मग लेखक इचलकरंजीला ‘ग्लोबल साउथमधील एक मध्यम शहर’ करून टाकतो. नदीचं नाव एका परिच्छेदात उरकतं आणि उरलेली पानं तिकडच्या वादात जातात. दुसरीकडे धारावीवर इतकं लिहिलं गेलं आहे की तिथल्या रहिवाशांना प्रश्नावल्या तोंडपाठ झाल्या असतील. मालेगाव, सोलापूर, नांदेड यांच्या वाट्याला त्याचा अंशही आलेला नाही. हे माझं निरीक्षण आहे, त्याला मी आकडेवारीचा आधार देत नाही. पण या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही विचारून पाहा.

आणि जे लिहिलं जातं ते कुठे असतं? वर्गणीच्या कुलपामागे. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, सुमारे 13,000 जर्नलं. सरकारी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांतल्या विद्यार्थ्यांसाठी हे मोठं पाऊल आहे, त्याचं स्वागतच. पण महापालिकेतला नगररचनाकार त्यात नाही. प्रारूप आराखडा वाचून हरकत लिहिणारा रहिवासी संघ त्यात नाही, तालुक्याचा पत्रकार नाही. आपल्याच प्रभागावर आपल्याच करातून झालेल्या संशोधनाच्या एका निबंधासाठी त्यांना अजूनही परदेशी प्रकाशकाला पैसे मोजावे लागतात. आणि तो निबंध इंग्रजीत असतो, तेही नगररचनेच्या इंग्रजीत.

काही वर्षांपूर्वी एका शहराच्या आराखड्याच्या सुनावणीला मी बसले होते. एक निवृत्त शिक्षक घरून नकाशा रंगवून घेऊन आले होते. त्यांच्या भागातल्या खेळाच्या मैदानाचं आरक्षण नव्या मसुद्यात निवासी झालं होतं. प्रभागात दरडोई मोकळी जागा किती उरली हे त्यांनी स्वतः गुणाकार-भागाकार करून काढलं होतं. समितीने त्यांना चार मिनिटं दिली. त्याच शहरातल्या मोकळ्या जागांवर एका चांगल्या जर्नलमध्ये चांगला निबंध छापून आला होता आणि त्यातले आकडे शिक्षकांच्या आकड्यांशी जुळत होते. तो निबंध त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हता. मला माहीत होता, आणि त्या दिवशी मी तो बरोबर आणला नव्हता. ती चार मिनिटं मी विसरू शकलेले नाही.

याच्या उलट बाजूचंही एक उदाहरण मुंबईतच आहे. 1985 मध्ये पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, पालिकेची कारवाई डोक्यावर होती. तेव्हा ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याच्या बाजूच्या पदपथांवरच्या सुमारे 6,000 कुटुंबांची गणना केली. कुटुंब कुठून आलं, किती वर्षं इथे आहे, कामाला कुठे जातं, हे सगळं नोंदवलं. त्याआधी सरकारच्या लेखी ही माणसं जवळजवळ नव्हतीच. ती गणना अहवाल म्हणून आली, तिच्या पद्धतीची चर्चा जर्नलांत पुष्कळ नंतर झाली, आणि वस्तीने स्वतःची गणना स्वतः करण्याची रीत पुढे इतर देशांतल्या वस्त्यांमध्ये गेली. इथे जर्नलांनी आपलं काम चोख केलं. आधी घडलेलं त्यांनी टिपलं, तपासलं, दूरवर पोचवलं. जर्नलं नकोत असं मी म्हणतच नाही. छाननीची शिस्त, पुराव्याचा आग्रह, दुसऱ्या देशात काय चुकलं हे वेळेत कळणं, हे सगळं मी जर्नलांकडूनच शिकले.

माझ्याशी असहमत असणारे सहकारी एक मुद्दा मांडतात आणि तो हलका नाही. ते म्हणतात, आकडा काढून टाकला तर उरेल वशिला. मुलाखत समितीत कोण कोणाचा विद्यार्थी, कोण कोणाच्या गावचा, यावर नेमणुका झालेल्या या पिढीने पाहिल्या आहेत. आकडा निदान तोंडावर फेकता येतो. या युक्तिवादामागे खरी जखम आहे. पण आकड्याने ती भरली का? पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या आणि मोठ्या सूचींमध्ये नसलेल्या 1,009 जर्नलांपैकी 88 टक्क्यांच्या आसपास जर्नलं हलक्या दर्जाची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. काहींचे पत्ते नव्हते, काहींचे संपादक नव्हते, आणि बऱ्याच जणांनी इम्पॅक्ट फॅक्टरच खोटा छापला होता. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4,305 जर्नलं यादीतून काढली. गुण आकड्याला असतील तर बाजारात आकडा विकत मिळणारच. वशिल्याचा दरवाजा बंद झाला नाही, शेजारी पैशांचा दुसरा दरवाजा उघडला.

मग करायचं काय? उमेदवाराचं लिखाण वाचायचं. हे इतकं साधं आहे की सांगायला संकोच वाटतो. 2012 च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी जाहीरनामा तयार केला तोही हेच सांगतो की, माणसाची किंमत जर्नलच्या आकड्यावरून करू नका. उमेदवाराने स्वतः निवडलेलं तीन-चार कामांचं बाड, त्यावर समितीने लिहिलेलं आणि सर्वांना पाहता येईल असं मत, एवढं झालं तरी वशिल्याला लपायला जागा कमी होते, कारण न वाचता दिलेलं मत उघडं पडतं. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं राष्ट्रीय मूल्यमापन होतं, त्यात 2014 मध्ये 20 टक्के आणि 2021 मध्ये 25 टक्के भार विद्यापीठाबाहेर झालेल्या परिणामांना होता. कोणता कायदा बदलला, कोणती वस्ती वाचली, हे पुराव्यासह काही पानांत सांगायचं. त्या पद्धतीतही फुगवून सांगणं होतं आणि कागदपत्रांचा ढीग वाढतो, ही टीका तिथलेच लोक करतात आणि ती बरोबर आहे. तरीही प्रश्न योग्य विचारला आहे.

आपल्याकडे याहून सोपी सुरुवात करता येईल, आणि ती जर्नलांच्या नव्हे, आराखड्याच्या टोकाकडून. प्रत्येक विकास आराखड्याबरोबर अहवाल असतो. लोकसंख्येचा अंदाज कसा काढला, विद्यमान भूवापराची पाहणी कशी केली हे त्यात येतं. हे ठरवताना कोणते अभ्यास वाचले याची नोंद त्या अहवालात सक्तीची करावी. हरकतीत मांडलेला पुरावा नाकारला तर तो का नाकारला, हे नियोजन समितीने एका ओळीत लिहावं. मग शिक्षकांचा रंगवलेला नकाशाही त्या नोंदीत येईल आणि निबंधही. संशोधकाच्या बाजूने, निबंधाबरोबर चार पानांचं मराठी टिपण आणि नकाशा खुला ठेवला तर त्याला विद्यापीठाने निबंधाइतकेच गुण द्यावेत. चार पानांत, सोप्या मराठीत, चूक न करता चटईक्षेत्राचा, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येतं याचा, हिशेब मांडणं हे आठ हजार शब्दांच्या निबंधापेक्षा सोपं नाही. मी दोन्ही केलं आहे.

माझ्याकडची एक विद्यार्थिनी सध्या पुण्यातल्या दोन प्रभागांत फिरते आहे. 2007-27 च्या आराखड्यातलं एकेक आरक्षण हातात नकाशा घेऊन जागेवर जाऊन बघते, फोटो काढते, सातबारा आणि मिळकत पत्रिका काढते. शाळेच्या जागेवर गॅरेज, बागेच्या जागेवर खरंच बाग, दवाखान्याच्या जागेवर कुंपण आणि गवत. गेल्या आठवड्यात तिने विचारलं, “मॅडम, हे कुठल्या जर्नलला पाठवू?” मी सांगितलं, आधी मराठीत लिही, नकाशा जोड, दोन्ही क्षेत्रीय कार्यालयांत आणि तिथल्या मोहल्ला समितीकडे दे. जर्नलला नंतर पाठवू, आणि चांगल्याच पाठवू. ती बरं म्हणाली, वहीत लिहून घेतलं आणि मग विचारलं, “पहिल्याचे गुण किती?”

कोष्टक आम्हा दोघींसमोर टेबलावरच पडलं होतं. मी ते उलटं करून ठेवलं आणि आम्ही तिच्या नकाशातला बाराव्या क्रमांकाचा भूखंड बघायला लागलो.